शाळा अडीचला सुटते, मग पोर सहाला का घरी येते?

सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला राहायला आल्या होत्या. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे नातीच्या वेळापत्रकाचा हिशोब त्यांनी पहिल्याच आठवड्यात मांडला. "अगं, शाळा अडीचला सुटते म्हणतेस, मग पोर सहाला का घरी येते?"

"क्रॉस कंट्री आहे ना आई, पळायला जाते."

"कुठल्या क्लबात?"

"क्लबात नाही, शाळेतच."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आणि अभ्यास कधी करते?"

एडिसन, प्लेन्सबोरो, वेस्ट विंडसर या भागांत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये हे दोन प्रश्न कधी ना कधी विचारले जातातच. कोणी खेळाला वेळेचा अपव्यय समजतं, तर कोणी चांगल्या कॉलेजचं तिकीट. चार वर्षं हे सगळं जवळून पाहिल्यावर मला दोन्ही समज चुकीचे वाटतात. अमेरिकेतल्या उपनगरी सरकारी हायस्कूलमध्ये अभ्यास आणि खेळ एकाच छताखाली, एकाच पैशावर आणि एकाच घड्याळावर चालतात. पैसा कुठून येतो आणि नियम काय आहेत, हे एकदा समजून घेतलं की सुटतं. घड्याळाचं कोडं मात्र रोज नव्याने सोडवावं लागतं.

आधी खेळ शाळेत कसा आला ते पाहू. आपल्याकडे शिकायला शाळा आणि क्लास, खेळायला मैदान, तालीम किंवा क्लब अशी वाटणी असते. शाळेची टीम असतेच, पण खो-खो किंवा क्रिकेटमध्ये पुढे जायचं तर शाळेबाहेरच पाहावं लागतं. युरोपातही मुलं गावच्या क्लबात खेळतात. अमेरिकेत वेगळं घडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथले शाळकरी संघ मुलंच चालवत. त्यात बाहेरचे खेळाडू घुसवले जात, भांडणं होत, पैशाचा हिशोब कोणाकडेच नसे. हळूहळू शाळांनी हा कारभार ताब्यात घेतला, मग प्रत्येक राज्यात शाळांची संघटना झाली आणि १९२० मध्ये मध्य-पश्चिमेतल्या राज्यांनी एकत्र येऊन आजच्या राष्ट्रीय महासंघाचा पाया घातला. त्याच सुमारास, १९१८ मध्ये, माध्यमिक शिक्षणाची सात उद्दिष्टं सांगणारा एक सरकारी अहवाल आला. त्यात आरोग्य, नागरिकत्व आणि मोकळ्या वेळेचा चांगला उपयोग ही उद्दिष्टं होती. म्हणजे खेळ शाळेत आला तो शिक्षणाचा भाग म्हणूनच. आज या महासंघाच्या मोजणीत देशभरातल्या हायस्कूल खेळाडूंचा आकडा ८० लाखांच्या वर जातो. मात्र दोन खेळ खेळणारं मूल त्यात दोनदा मोजलेलं असतं.

आता पैसा. इथली सरकारी शाळा स्थानिक डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागाचं शाळामंडळ, चालवते आणि तिचा मोठा आधार म्हणजे घरांवरचा प्रॉपर्टी टॅक्स. न्यू जर्सीत सरासरी पाहिलं तर या कराचा जवळपास अर्धा वाटा शाळांकडे जातो. घर घेताना आपण बेडरूम मोजतो, पण किमतीत शाळाही धरलेली असते. केमिस्ट्रीची प्रयोगशाळा आणि कृत्रिम हिरवळीचं मैदान एकाच बजेटमधून येतात, आणि शेजारच्या गावात घरांच्या किमती कमी असतील तर तिथे दोन्हींची कसर राहते. राज्य सरकार काही प्रमाणात ही तूट भरून काढतं, पण शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दोन गावांमधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. उरलेला खर्च पालकांचे बूस्टर क्लब उचलतात: सामन्याच्या वेळी हॉट डॉग आणि पाणी विकून, देणग्या गोळा करून. काही डिस्ट्रिक्ट मुलांकडून खेळाची वेगळी फी घेतात, काही अजिबात घेत नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे प्रशिक्षक बरेचदा शाळेतलेच शिक्षक असतात. सकाळी इतिहास शिकवणारे सर तीन वाजता शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर उभे असतात. त्यासाठी त्यांना वेगळं मानधन मिळतं. पण मुलगी आज वर्गात गप्प का होती हे त्यांना माहीत असतं, आणि मैदानावर तिचा पाय का दुखतोय हे दुसऱ्या दिवशी वर्गातही लक्षात असतं.

वर्षाचे तीन हंगाम असतात. न्यू जर्सीत शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉल, सॉकर म्हणजे आपला फुटबॉल, फील्ड हॉकी, क्रॉस कंट्री आणि मुलींचं टेनिस, हिवाळ्यात बास्केटबॉल, कुस्ती, पोहणं आणि तलवारबाजी, तर वसंतात बेसबॉल, लॅक्रॉस, ट्रॅक आणि मुलांचं टेनिस. शाळेत तलवारबाजी असणारी राज्यं मोजकीच आहेत, न्यू जर्सी त्यातलं एक. क्रिकेट अजून अपवादानेच दिसतं. न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी २००८ पासून त्याची लीग चालवली आहे, ते आमच्या इथल्या मुलांना फार हेवा वाटावा असं प्रकरण आहे. प्रत्येक खेळात सहसा फ्रेशमन म्हणजे नववीचा, जेव्ही म्हणजे ज्युनियर व्हार्सिटी आणि सगळ्यात वर व्हार्सिटी असे संघ असतात. बास्केटबॉलसारख्या खेळात ट्रायआउट म्हणजे निवड चाचण्या होतात आणि बरीच मुलं गाळली जातात. क्रॉस कंट्री आणि ट्रॅकमध्ये बहुतेक शाळा कोणालाच गाळत नाहीत. नुकतंच भारतातून आलेलं, कधी काही न खेळलेलं मूल असेल तर मी नेहमी हेच सुचवते. पळायला लागायचं एवढंच. चार महिन्यांत तीस-चाळीस मुलांशी ओळख होते, आणि नव्या देशात नववीतल्या मुलाला याहून मोठी गरज दुसरी नसते.

"मग नापास झालं तर?"

हा सासूबाईंचा पुढचा प्रश्न, आणि त्यावर राज्याच्या संघटनेचं नियमपुस्तक आहे. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला किमान १२० क्रेडिट लागतात. दहावीपासून पुढे, शरद आणि हिवाळ्याच्या हंगामात खेळायचं असेल तर आधीच्या वर्षी त्याच्या २५ टक्के, म्हणजे ३० क्रेडिट मिळवलेली असावी लागतात. वर्षभराचा एक विषय साधारण ५ क्रेडिटचा, म्हणजे सहा विषयांत पास. वसंताच्या हंगामासाठी त्याच वर्षाच्या पहिल्या सहामाहीत त्याच्या निम्मी, म्हणजे १५. ही अट फार कडक नाही, मुलं सात-आठ विषय घेतातच. पण ती राज्याने घातलेली किमान अट आहे, शाळा याहून कडक नियम करू शकते. वयाचीही मर्यादा आहे: १ सप्टेंबरच्या आधी १९ वर्षं पूर्ण झाली तर खेळता येत नाही. नववीत पाऊल ठेवल्यापासून सलग आठ सहामाह्यांनंतर पात्रता संपते, त्यामुळे अजून एक वर्ष खेळण्यासाठी मुद्दाम मागे राहणं जमत नाही.

टेक्सासची गोष्ट यात सांगण्यासारखी आहे, कारण फुटबॉल म्हणजे तिथे गावदेवीची जत्रा. तिथे १९८४ मध्ये शिक्षण सुधारणेचा कायदा आला, तो 'नो पास, नो प्ले' म्हणून ओळखला जातो. कोणत्याही एका विषयात ७० पेक्षा कमी गुण मिळाले की विद्यार्थी सामन्यातून बाहेर. सुरुवातीला ही बंदी सहा आठवड्यांची होती. प्रशिक्षक आणि पालक भडकले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण कायदा टिकला. नंतर बंदीचा काळ कमी झाला, तरी तत्त्व तेच राहिलं.

याच नियमांमुळे एका दाव्याकडे जपून पाहावं लागतं. 'खेळणाऱ्या मुलांचे गुण जास्त असतात' असं शाळेच्या प्रत्येक सभेत ऐकायला मिळतं. सरासरी काढली तर तसं दिसतंही. पण ज्यांचे गुण फार कमी आहेत त्यांना नियमाने आधीच बाहेर ठेवलेलं असतं. शिवाय ज्याला शाळेनंतर दुकानात काम करून घरी पैसे द्यायचे आहेत, ज्याला धाकट्या भावंडांना सांभाळायचं आहे, ज्याला न्यायला-आणायला गाडी नाही, ते मूल टीममध्ये येतच नाही. मग उरलेल्यांचे गुण चांगले दिसणारच. खेळामुळे गुण वाढतात असं यावरून सिद्ध होत नाही. खेळामुळे माझी लेक वेळेला चिकटून राहायला शिकली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, पण ते एका मुलीचं उदाहरण झालं.

आता अभ्यासाची बाजू. हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि चारही वर्षांचे गुण एका कागदावर राहतात. दहावीच्या बोर्डासारखी सगळं ठरवणारी एक परीक्षा नाही. प्रत्येक विषयाच्या अक्षरी श्रेणीचे अंक करून त्यांची सरासरी काढतात, ती जीपीए. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३. एकच विषय साधा, ऑनर्स आणि एपी अशा पातळ्यांवर मिळतो. एपी हा कॉलेजच्या तोडीचा अभ्यासक्रम. त्याची देशभर एकच परीक्षा मे महिन्यात होते आणि गुण १ ते ५ मध्ये मिळतात. पुष्कळ शाळा एपीतल्या ए ला ४ ऐवजी ५ धरतात, तो वेटेड जीपीए. म्हणून आमच्या मुलांच्या तोंडी ४.३, ४.५ असे आकडे असतात आणि आजी-आजोबा चक्रावतात.

यातली खरी अडचण नियमांची नाही, तासांची आहे. एक दिवस मांडून पाहू. सकाळी सव्वासहाला उठणं, साडेसातला पहिली घंटा. अडीचला शाळा सुटते, तीन ते साडेपाच सराव, मग लेट बस, म्हणजे सरावानंतरची शाळेची बस. सहाला घरी. अंघोळ, जेवण, सात. चार अवघड विषयांचा गृहपाठ, प्रत्येकी पाऊण तास धरला तरी दहा वाजले. मध्ये प्रोजेक्टसाठी कोणाशी बोलायचं असतं, शनिवारी मराठी शाळेचं काही असतं, पियानो असतो. बारा वाजतात. झोप राहते सहा तास. तेरा ते अठरा वयाच्या मुलांनी आठ ते दहा तास झोपावं असं इथले झोपेचे तज्ज्ञ सांगतात.

स्पर्धेचा दिवस आणखी वेगळा. बस लांब जायची असेल तर खेळाडूंना शेवटच्या तासातून लवकर सोडतात. लेकीचा शेवटचा तास केमिस्ट्रीचा होता. एका हंगामात तिचे सहा तास बुडाले. नोट्स मैत्रिणीकडून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंकडे जाऊन प्रयोग पूर्ण करायचा. नियमाप्रमाणे हे सगळं ठीकच होतं, पण 'मोल' ही केमिस्ट्रीतली संकल्पना तिला बसच्या खिडकीशी बसून एकटीलाच समजून घ्यावी लागली. वसंत हंगामात तर एपीच्या परीक्षा आणि ट्रॅकच्या मोठ्या स्पर्धा एकाच महिन्यात येतात.

हा ताण फक्त आमच्या घरातला नाही. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोच्या शाळा अधीक्षकांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं. मुलांवर यशाचं ओझं असह्य होतंय, काही मुलांना मानसिक उपचारांसाठी दाखल करावं लागलं, असं त्यात स्पष्ट होतं. त्या डिस्ट्रिक्टने हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या आणि काही रात्री गृहपाठमुक्त ठेवल्या. तिथले बहुसंख्य विद्यार्थी आशियाई वंशाचे, त्यात भारतीय भरपूर. पालकांत सरळ फूट पडली. काहींना सुटकेचा श्वास घ्यावासा वाटला, तर काहींना वाटलं की ज्या मेहनतीच्या जोरावर आपण इथवर आलो तिचीच पायरी खाली आणली जातेय. दोन्हीकडच्या पालकांची भीती मला कळते. परीक्षा काढल्याने दिवसाचे तास वाढत नाहीत हेही दिसतं. झोपेपुरतं बोलायचं तर शाळा उशिरा भरवणं हा सर्वांत सरळ उपाय आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच साडेआठच्या आधी शाळा नको असं सांगितलं. कॅलिफोर्नियात तसा कायदाही आहे, हायस्कूलांसाठी तो जुलै २०२२ पासून लागू झाला. त्यावर विरोध कोणता येतो? सराव उशिरा संपेल आणि हिवाळ्यात अंधार पडेल. पुन्हा तेच घड्याळ.

कॉलेजबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. इथे खेळाला दोन वेगळे अर्थ आहेत. पहिला साधा: अर्जात दहा उपक्रम लिहायला जागा असते, त्यात चार वर्षांचं क्रॉस कंट्री ही एक ओळ होते. सातत्य दिसतं, एवढंच. दुसरा अर्थ म्हणजे रिक्रूट होणं. कॉलेजचा प्रशिक्षक स्वतः तुम्हाला निवडतो आणि प्रवेश कार्यालयाकडे तुमची बाजू मांडतो. बऱ्याच खेळांत पहिल्या डिव्हिजनचे, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या तीन पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या पातळीचे, प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपासून थेट बोलू शकतात. हा दरवाजा किती रुंद आहे ते हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात आकड्यांनिशी बाहेर आलं: जिथे इतर अर्जदारांना शेकड्यात मोजके प्रवेश मिळतात, तिथे रिक्रूट झालेल्या खेळाडूंचा प्रवेशदर ८६ टक्क्यांच्या घरात होता. २०१९ च्या प्रवेश घोटाळ्यात काही श्रीमंत पालकांनी न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू दाखवण्यासाठी पैसे मोजले, ते याच दारासाठी.

पण त्या दारापर्यंत पोचणारी मुलं किती? हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्केच कॉलेजच्या संघात खेळतात, आणि सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये २ टक्क्यांहूनही कमी. शिष्यवृत्तीचं गणित त्याहून अवघड. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, आणि हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची कॉलेजंही ती देत नाहीत. पहिल्या डिव्हिजनसाठी हायस्कूलचे १६ ठरावीक विषय आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो. त्यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. म्हणजे नववीत विषय निवडतानाच हे पाहावं लागतं, अकरावीत जाग येऊन उपयोग नाही. तलवारबाजी कमी मुलं खेळतात म्हणून सोपा रस्ता, असा सल्ला आमच्या पार्ट्यांमध्ये सर्रास मिळतो. ज्या मुलाला तलवार हातात घ्यायलाच आवडत नाही, त्याची चार वर्षं त्यात घालवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

मुलींच्या आयांसाठी एक कायदा लक्षात ठेवण्यासारखा आहे. टायटल नाइन, १९७२. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, इतकंच त्यात आहे. खेळाचा शब्दही त्या मूळ वाक्यात नाही. पण त्याच्या आदल्या शैक्षणिक वर्षात देशभरात हायस्कूल खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या, आज तो आकडा तीस लाखांच्या बराच पुढे गेलाय. माझ्या लेकीला बूट, बस आणि प्रशिक्षक मुलांच्या बरोबरीने मिळतात, ते या एका वाक्यामुळे.

आणि डोक्याची इजा. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने पहिल्यांदा असा कायदा केला की कन्कशनची, म्हणजे मार लागून मेंदूला धक्का बसल्याची, शंका आली तरी मुलाला लगेच मैदानाबाहेर काढायचं आणि डॉक्टर किंवा तशा परवानाधारक आरोग्यतज्ज्ञांच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही. पाच-सहा वर्षांत सगळ्या राज्यांनी या धर्तीवर कायदे केले. शाळा पालकांकडून याबद्दलच्या कागदावर सही घेते, तो वाचून मगच सही करा. कन्कशननंतर काही दिवस वाचनही झेपत नाही, तेव्हा अभ्यासात सवलत मागायचा हक्क असतो आणि तो समुपदेशकांकडे जाऊन मागावा लागतो.

ऑक्टोबरात सासूबाईंना मी होल्मडेल पार्कला घेऊन गेले. न्यू जर्सीच्या क्रॉस कंट्रीचं हे पंढरपूर. पाच किलोमीटरची वाट, आणि मधे 'द बोल' नावाची वाडग्यासारखी खोलगट जागा, तिचा चढ भल्याभल्यांचे पाय जड करतो. गुण कसे मोजतात ते मी त्यांना दोरीशी उभी राहून सांगितलं. प्रत्येक शाळेच्या सात मुली पळतात, पहिल्या पाचजणींच्या क्रमांकांची बेरीज होते, ज्यांची बेरीज सर्वांत कमी ते जिंकतात. पहिल्या पाचही जागा एकाच शाळेने घेतल्या तर १५. सहावी आणि सातवी बेरजेत धरत नाहीत.

आमची लेक त्या दिवशी शाळेची सहावी होती.

परतताना सासूबाई निकालाचा कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पर्समधलं पेन काढून. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हिचा नंबर धरला नाही खरा. पण त्या निळ्या शर्टांच्या चौथीच्या आणि पाचवीच्या पुढे ही आली. दोघी एकेक जागा मागे गेल्या. म्हणजे त्यांची बेरीज हिने दोनाने वाढवली की." मग मागे वळून नातीला हे सांगायला गेल्या, तर ती मोबाइलच्या उजेडात केमिस्ट्रीचं पान धरून झोपी गेली होती.